उणे एक सेकंद

विचुंब्यात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मी एक गणित दरवर्षी घालतो. गच्ची 15 मीटर उंच. कठड्याशी उभं राहून चेंडू सेकंदाला 10 मीटर वेगानं सरळ वर फेकला, तर तो खाली जमिनीवर कधी पडेल? गुरुत्वत्वरण 10 धरायचं. वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात : 3 आणि उणे 1. मुलं उणे 1 वर काट मारून मोकळी होतात. कित्येक वर्षं मीही फळ्यावर तेच केलं.

एका पावसाळ्यात, लाइट गेलेली असताना, मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, पण समीकरणाला गच्ची कुठे माहीत आहे?"

खरंच, नव्हती माहीत. त्याला उंची, वेग आणि गुरुत्व एवढंच सांगितलेलं. फेकणारा हात आपल्या डोक्यात. मग मेणबत्तीच्या उजेडात आम्ही उणे 1 सेकंदाचा वेग काढला. आला 20. म्हणजे खालून, जमिनीवरूनच कुणी चेंडू 20 च्या वेगानं उडवला असता, तर बरोबर एका सेकंदात तो कठड्यापाशी 10 च्या वेगानं पोचला असता. पुढचा प्रवास तोच. जे घडलंच नाही, तेही समीकरणानं चोख सांगितलं होतं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. तर कळपात माकडं किती? उत्तरं 50 आणि 5. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे जाणार? उणी माकडं लोकांना पटत नाहीत, म्हणून आचार्यांनी 5 सोडून दिलं. आकडेमोडीत मात्र 5 चोख बसतात! लोकांना काय पटतं याची नोंद गणिताच्या ग्रंथात करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

1928 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनसाठी उणी ऊर्जा निघाली. त्यानं ती पुसली नाही, तिचा अर्थ शोधत राहिला. 1932 मध्ये अँडरसनला विश्वकिरणांच्या फोटोत धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन सापडला; उणी ऊर्जा त्याचीच खूण होती. कागदावर बसून मनानं मांडलेली चिन्हं आकाशातून येणाऱ्या कणांना कशी लागू पडतात, हे मला अजून उलगडलेलं नाही. ते मी मुलांना तसंच सांगतो.

आता ते गणित आलं की मी खडू खाली ठेवतो आणि थांबतो. यंदा एका मुलानं 3 ला चौकट केली, उणे 1 तसंच ठेवलं आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं : खालून.