सरकते भेंड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सिल्वासाला गेलो तो आप्पांना परत आणायचेच, असे ठरवून. आई गेल्यावर दादाने त्यांना आपल्याकडे नेले होते. दादा तिथे धाग्याच्या कारखान्यात आहे. फोनवर आप्पा ‘बरं आहे’ यापुढे बोलत नसत. सारा जन्म मार्कंडेय नदीच्या काठी गेलेला, घरात मराठी, बाजारात कन्नड. त्यांना तिथल्या हिंदी-गुजरातीत करमणार कसे? मी परतीची दोन तिकिटे काढूनच निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्या म्हणाला, “काका, आज आम्ही गळ टाकायला जातोय. चला!”

आम्ही दुधनीला गेलो. नाशिक जिल्ह्याच्या सह्याद्रीतून निघालेली दमणगंगा इथे मधुबन धरणात अडवली आहे. पुढे ती सिल्वासावरून दमणला समुद्राला मिळते. दादरा-नगरहवेलीचा हा मुलूख २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगिजांच्या हातून सुटला. पाड्यांवरून वारली बोली कानावर येते. तिच्यातले मराठी शब्द आप्पा बरोबर टिपतात.

काठावरच्या माणसांना विचारून आम्ही बसलो. आप्पांनी पिशवीतून ज्वारीच्या धांड्याचे भेंड काढले. गावाकडून येताना आणलेले! लहानपणी आम्ही ते तंगुसाला घट्ट बांधायचो. नदीत पाणी छातीभर, तेवढ्यात भागायचे. इथे मात्र काठापासूनच पाणी खोल. बारा फुटांवर भेंड बांधले, तर ते सात फुटी काठीच्या टोकाच्या कडीत अडकते आणि गळ ना फेकता येतो, ना ओढता येतो.

आजोबा-नातवाने यावर तोड काढली होती. सुई तापवून भेंडाला आरपार भोक पाडले, त्यात संपलेल्या रिफिलची नळी बसवली आणि तीतून तंगूस ओवला. भेंडाच्या वर वहिनीच्या तुटक्या माळेतला मणी आणि त्याच्याही वर शिवणाच्या दोऱ्याची बारीक गाठ. गाठ काठीच्या कडीतून निघून जाते, पण मण्यातून जात नाही. फेकताना भेंड खाली शिशापाशी असते. पाण्यात पडले की शिसे तंगूस ओढत बुडते आणि गाठ मण्याला टेकली की थांबते. अमेरिकेत क्रॅपी नावाचा मासा मधल्या पाण्यात असतो, त्याच्यासाठी म्हणे असेच सरकते भेंड वापरतात. पुतण्याने ते मोबाइलवर पाहिले होते.

माझे भेंड आडवे पडले.

“शिसं तळाला टेकलं,” आप्पा म्हणाले. “गाठ गळाकडं घे, वीतभर.”

तेवढ्यात पुतण्याचे भेंड हलले. त्याने काठी उचलली.

“तडी, तडी!” आप्पांनी त्याचे मनगट धरले. भेंड एकदा बुडले, वर आले आणि मग तिरके पाण्याखाली गेले.

“हां, आता!”

“बंतु, अज्जा, बंतु!” पोरगा ओरडला. तळहाताएवढी चिलापी होती.

मी पाहतच राहिलो. सिल्वासात वाढलेला हा मुलगा कन्नडमध्ये ओरडत होता. बेळगावात वाढलेल्या माझ्या मुलांना कन्नड येते, पण ते शाळेच्या पुस्तकातले. आप्पा त्याच घरात असताना त्यांच्या शेजारी इतका वेळ कोण बसले होते? मुलांच्या शिकवण्या आणि माझे पेपर तपासणे, यातच आमची वर्षे गेली.

रात्री मी तिकिटांचा विषय काढला. आप्पा माशाचे काटे काढत होते.

“याला अजून गाठ नीट बांधता येत नाही,” ते म्हणाले. “संक्रांतीनंतर बघू. आणि पोरांना घेऊन तूच ये की.”

मी एकटाच परतलो. मागच्या रविवारी फोनवर आप्पा आपणहून बोलू लागले, “धरणाचं पाणी दोन हात उतरलं बघ. गाठ खाली घेतली.”

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटे काढली आहेत. या वेळी चार, आणि जाण्याची.