जबड्याचं ऑपरेशन

धारूरच्या बायांना ऑपरेशन हा शब्द नवा नाही. आमच्या तालुक्यातून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि त्यांतल्या कितीतरी बायांची गर्भपिशवी चाळिशीच्या आतच काढलेली असते. 2019 साली त्याचा बोभाटा झाला. शासनाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणून डॉक्टर आपांना "जबड्याचं ऑपरेशन करून घ्या" म्हणाले, तेव्हा आम्हा बहिणींच्या मनात पहिली भीती हीच आली: इथंही घाई तर होत नाही?

आपांचं वय 52. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रात्री श्वास अडकून दचकून उठतात, सकाळी डोकं जड, दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी. घरातले म्हणायचे, "या वयात होतंच." बायकांचं दुखणं तिथंच मागं पडतं. पाळी असते तोवर शरीरातली संप्रेरकं, विशेषतः प्रोजेस्टेरॉन, श्वासाला चालना देतात, घशाचे स्नायू सैल पडू देत नाहीत. ती ओसरली की झोपेत घसा मिटू लागतो. बाई पुरुषासारखी मोठ्यानं घोरेलच असं नाही; झोप लागत नाही, थकवा जात नाही, एवढंच सांगते आणि टॉनिक घेऊन परत येते.

लातूरला रात्रभराची तपासणी झाली. तासाला 34 वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता. 30 च्या पुढं आजार तीव्र धरतात. आधी मशीन मिळालं, नाकावरच्या मास्कमधून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं. आपांनी ते 3 आठवड्यांत कपाटात ठेवलं. नाक कोरडं पडतं, जीव गुदमरतो, आणि वीज गेली की सगळंच बंद.

ऑपरेशनमध्ये दोन्ही जबडे कापून साधारण 1 सेंटिमीटर पुढं घेतात, पट्ट्या आणि स्क्रूंनी बसवतात. जिभेमागची वाट रुंद होते. योग्य रुग्णाला गुण चांगला येतो, हे आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडूनही पडताळलं. पण कित्येक आठवडे पातळ खाणं, खालचा ओठ बधिर होणं (काहींचा कायमचा), आणि चेहरा थोडा बदलणं. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "या वयात चेहऱ्याचं काय घेऊन बसलात!" आपा भडकल्या. "चेहरा माझाच आहे ना?" आम्हाला ते फार आवडलं. पिशवी काढताना आमच्याकडच्या किती जणींना असं विचारायची सोय होती?

पुढच्या खेपेला आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेले. घसा नेमका कुठं मिटतो? जबडा मुळात मागं आहे का? पाळीनंतर हाडं ठिसूळ झालीत का? आणि दुसरा मास्क का लावून पाहिला नाही? शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर जरा थांबले. आता नाकपुड्यांत बसणारा मास्क आणलाय, हवा ओलसर करणारं भांडं जोडलंय, इन्व्हर्टर घेतलाय. मुदत 3 महिन्यांची. ऑपरेशनला आपांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. परवा धाकटीनं विचारलं, मशीनचा आवाज फार येतो का? आपा म्हणाल्या, "तुझ्या दुल्हाभाईंच्या घोरण्याहून कमीच."