भारी शब्द आणि नेमका शब्द

इंग्रजी भाषा येणें आणि इंग्रजी शब्द पुष्कळ येणें या दोन गोष्टी एक नव्हेत. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना हें सांगावयाची वेळ आली आहे असें आम्हांस वाटतें. खालच्या वर्गांत असतांना क्रियापदांचे काळ चुकत, स्पेलिंग चुकत, कर्ता एकवचनी तर क्रियापद अनेकवचनी होई. तें सारें आतां मागें पडलें. इंग्रजी वर्तमानपत्र वाचलें तर समजतें, चार पानांचा निबंध लिहितां येतो. अशा वेळीं होतकरू विद्यार्थ्याच्या मनांत एक नवी हांव उत्पन्न होते. 'बिगिन' लिहिण्याऐवजीं 'कमेन्स' लिहावें, 'मेनी'च्या जागीं 'प्लेथोरा' घालावा, 'यूज' न म्हणतां 'युटिलाइझ' म्हणावें, म्हणजे परीक्षक प्रसन्न होतील आणि वडिलांना धन्यता वाटेल, अशी त्याची समजूत होते. तो एक वही करतो, तींत रोज दहा कठीण शब्द अर्थासह उतरून काढतो आणि पाठ करतो.

या उद्योगाची आम्ही थट्टा करीत नाहीं. शब्दसंग्रह वाढविल्यावांचून कोणाचीहि भाषा प्रौढ होत नाहीं. विद्वानांनीं याचा हिशेबहि मांडलेला आहे. न्यूझीलंडमधील पॉल नेशन यांनीं २००६ सालीं असें दाखविलें कीं, इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीवांचून नीट समजावयाचें तर ८,००० ते ९,००० शब्दकुलें परिचयाचीं असावीं लागतात. शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून निघालेलीं त्याचीं मुलेंबाळें. त्याच देशांतील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं उच्च शिक्षणाच्या ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. कॉलेजांत जाऊं इच्छिणाऱ्यानें ती अवश्य अभ्यासावी. तेव्हां शब्द शिकावे कीं नाहीं, हा प्रश्नच नाहीं. शब्द 'येणें' म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे. वहींतील अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला काय?

इंग्रजींत एकाच अर्थाचे दोन दोन, तीन तीन शब्द आढळतात. आणि कोश पाहावा तर एकाचा अर्थ म्हणून दुसराच दिलेला असतो. याचें कारण इतिहासांत आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. पुढें कित्येक पिढ्या दरबाराची व सरदारांची भाषा फ्रेंच, रयतेची भाषा जुनी इंग्रजी, आणि चर्चची व पंडितांची भाषा लॅटिन, असा प्रकार चालला. रानांत मेंढी सांभाळणारा मेंढपाळ तिला 'शीप' म्हणे. तीच सरदाराच्या ताटांत आली म्हणजे तिचें फ्रेंच नांव 'मटन' होई. 'आस्क' हा असाच जुना घरगुती शब्द. 'क्वेश्चन' फ्रेंचांतून आला, 'इंटरॉगेट' लॅटिनांतून. तिहींचा कोशांतील अर्थ 'विचारणें' हाच. परंतु आई मुलाला 'आस्क' करते, वकील साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस आरोपीला 'इंटरॉगेट' करतात. जेवलास का, असें विचारणाऱ्या आईच्या तोंडीं हा तिसरा शब्द घातला, तर स्वयंपाकघराचें पोलीस ठाणें व्हावयास वेळ लागणार नाहीं.

मराठी मुलाला हें समजावयास कठीण जाऊं नये, कारण त्याच्या मातृभाषेंतहि असेच थर आहेत. हेडमास्तरांकडे आपण अर्ज करतों, मित्राला विनंती करतों, देवाची प्रार्थना करतों. मागणें सर्वत्र आहेच; परंतु 'अर्ज' फारसी दप्तरांतून आला, 'प्रार्थना' संस्कृतांतून आली, आणि प्रत्येकानें आपापली बैठक धरून ठेविली. सुटीसाठीं हेडमास्तरांची प्रार्थना करणारा विद्यार्थी हास्यास्पद ठरेल, आणि देवाकडे अर्ज करणारा त्याहून अधिक. हा विवेक आपणांस कोणीं शिकविला? कोणत्याहि वहीनें नव्हे. घरांत, अंगणांत, बाजारांत ते शब्द आपण ज्या प्रसंगीं ऐकिले, तो प्रसंगच शब्दासोबत मनांत राहिला.

शब्दांना जशी बैठक असते, तशी सोबतहि लागते. आपण हिरवागार म्हणतों, पांढराशुभ्र म्हणतों. काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक म्हणतों. 'काळागार' किंवा 'हिरवाकुट्ट' कां म्हणूं नये याला व्याकरणांत उत्तर नाहीं; तसें म्हणत नाहींत, इतकेंच. इंग्रजीचीहि हीच रीत आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो, चहाहि 'स्ट्राँग' असतो. 'पॉवरफुल' हें इंजिन असेल, परंतु 'पॉवरफुल' चहा कोणी पीत नाहीं. ज्यानें 'पॉवरफुल' म्हणजे बलवान् एवढेंच टिपून ठेविलें, त्याला ही सोबत कशी कळावी?

आणखी एक गोष्ट याहून गंभीर आहे. कांहीं शब्द वस्तु सांगतात आणि त्याच श्वासांत तिच्याविषयीं निवाडाहि देतात. 'फेमस' आणि 'नोटोरियस' या दोहोंचा अर्थ सर्वांना ठाऊक असलेला. परंतु पहिला कीर्तीचा, दुसरा अपकीर्तीचा. 'चाइल्डलाइक' म्हणजे बालकासारखा निर्मळ, 'चाइल्डिश' म्हणजे वय वाढूनहि पोरकट राहिलेला. 'थ्रिफ्टी' म्हटलें तर काटकसरी, 'स्टिंजी' म्हटलें तर कवडीचुंबक. एखाद्या सज्जनाच्या निरोपसमारंभांत त्याला 'नोटोरियस' म्हणून गौरविणारा विद्यार्थी व्याकरणाच्या एकाहि नियमाचा भंग करीत नाहीं. तो केवळ त्या भल्या माणसावर अन्याय करतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शब्दांची निवड ही नुसती शोभेची बाब नाहीं. तींत खरेंखोटें करण्याची शक्ति आहे.

याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे. वसतिगृहांत राहणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या दुष्काळावर इंग्रजी निबंध लिहून आणिला. पहिल्या पानावर 'कॅलॅमिटी' होती, 'डेव्हास्टेशन' होतें, पाण्याची 'पॉसिटी' होती आणि ओळीओळींतून 'फॅमिन' होतें. शब्द सारे शुद्ध होते. परंतु त्या दोन पानांत त्याचें गांव कोठेंच दिसेना. आम्ही विचारिलें, "बाळ, तुझ्या घरीं काय झालें?" तेव्हां तो मराठींत सांगूं लागला. विहीर माघांतच आटली. आई टँकरच्या रांगेंत हंडे लावून रात्र काढी. वडिलांनीं बैलजोडी विकली, आणि त्या दिवसापासून आजोबा गोठ्याकडे जाईनासे झाले. आम्ही म्हटलें, "हेंच लिही." तो गोंधळून म्हणाला, "पण सर, यांत एकहि कठीण शब्द नाहीं."

त्यानें दुसऱ्या दिवशीं तो निबंध नव्यानें लिहून आणिला. वाक्यें आंखूड होतीं, शब्द पांचवीच्या मुलाला समजतील असे होते, आणि वाचतांना गळा दाटून येत होता. एकच शब्द मात्र आम्हीं त्याला बदलावयास लाविला. 'फॅमिन' काढून तेथें 'ड्रॉट' घालण्यास सांगितलें. आपल्या बोलण्यांत 'दुष्काळ' हा एकच शब्द दोन्ही अर्थीं चालतो; इंग्रजींत तसें नाहीं. 'ड्रॉट' म्हणजे अवर्षण, पाऊस न पडणें. 'फॅमिन' म्हणजे अन्नावांचून माणसें मरूं लागणें. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत अवर्षण पडलें आणि त्याची 'फॅमिन' झाली. लक्षावधि माणसें मेलीं. १९७२ सालीं महाराष्ट्रांत अवर्षण असेंच भयंकर होतें. परंतु सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, लक्षावधि हातांना मजुरी मिळाली, आणि तशी मनुष्यहानि टळली. उलट १९४३ सालीं बंगालमध्यें अवर्षण हें मुख्य कारण नसतांनाहि लक्षावधि लोक उपासमारीनें व रोगराईनें दगावले. पहिली गोष्ट आभाळाच्या हातीं आहे. दुसरींत पुष्कळ वेळां माणसांचा दोष असतो. हे दोन शब्द ज्यानें एक मानिले, त्यानें आभाळाचा आणि माणसांचा जमाखर्च एकाच खात्यांत लिहिला. 'ड्रॉट' हा शब्द भारी नाहीं, लांबहि नाहीं. परंतु त्या जागीं तोच नेमका होता.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्याच्यापाशीं मोठे शब्द नसतात तोच साधेपणाचें कौतुक सांगतो. त्याला आमचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत आहे. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना संस्कृत विद्वत्तेबद्दल 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढें त्या इंग्लंड-अमेरिकेस गेल्या, आणि १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहून प्रसिद्ध केला. असें शब्दवैभव हातीं असलेल्या या बाईंनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचें मराठी भाषांतर हातीं घेतलें, आणि तें साध्या, अल्पशिक्षित बायांना कळावें म्हणून मुद्दाम सोप्या मराठींत केलें. दुष्काळांतून सोडवून आणलेल्या अनेक मुली त्यांच्या केडगांवच्या आश्रमांत वाढल्या होत्या. आपण कोणासाठीं लिहितों हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. शब्दांचें भांडार भरलेलें असून त्यांतून लहानसा शब्द निवडून देतां येणें, यालाच आम्ही प्रौढता म्हणतों. रित्या भांडाराला ही निवड करतां येत नाहीं. म्हणूनच भांडार भरावें.

आतां तें कसें भरावें? मोल्सवर्थ या इंग्रज गृहस्थांनीं कँडी बंधूंच्या व येथील पंडितांच्या साहाय्यानें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. परक्या भाषेंतून आलेला हा माणूस शब्दाच्या अर्थापाशीं थांबला नाहीं. तो कोणत्या वाक्प्रचारांत येतो, कोणत्या म्हणींत बसतो, हेंहि त्यानें टिपलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपली वही त्याच धर्तीवर करावी. नवा शब्द उतरतांना, तो ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य आधीं लिहावें. तो कोण कोणाला उद्देशून म्हणतो, गौरवानें कीं तिरस्कारानें, हें पुढें नोंदावें. त्याच्या कुळांतील भावंडें शेजारीं मांडावीं. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधीं आणि 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचें, हा भेद अशानेंच ध्यानीं राहतो. आणि तो शब्द निरनिराळ्या तीन ठिकाणीं वाचण्यांत आल्यावांचून आपल्या निबंधांत वापरूं नये. दिवसाला दहा शब्दांऐवजीं दोनच होतील. होऊं द्यावेत, ते दोन जन्मभर राहतील.

पालकांनाहि एक विनंती आहे. पाहुण्यांसमोर मुलाला उभें करून कठीण इंग्रजी शब्द म्हणून दाखवावयास सांगूं नये. ज्यांनीं स्वतः कष्ट सोसून मुलांना शाळेंत धाडिलें, त्यांना त्या शब्दांचा अभिमान वाटावा हें स्वाभाविक आहे, आणि त्यामागील मायाहि आम्हांस कळते. परंतु त्याऐवजीं, आज काय वाचलेंस तें आम्हांला मराठींत समजावून सांग, असें म्हणावें. जो इंग्रजींत वाचलेलें आपल्या आईला तिच्या भाषेंत समजावूं शकतो, त्याला तें इंग्रजी खरोखर समजलेलें असतें; आणि ज्याला शब्दच पाठ आहेत, तो तेथें अडखळतो. ही परीक्षा घेण्यास आईला इंग्रजी यावयास पाहिजे असें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुमच्यापैकीं कोणी न्यायालयांत उभे राहतील, कोणी रुग्णाच्या उशाशीं बसून त्याच्या नातलगांना आजार समजावून सांगतील, कोणी सरकारी अहवाल लिहितील. तुमच्या एका शब्दावर एखाद्याची अब्रू, एखाद्याचा धीर, एखाद्या गांवाचें पाणी अवलंबून राहील. त्या वेळीं भारी शब्द पुढें पुढें करील. त्याला क्षणभर थांबवा, आणि खरें काय घडलें तें सांगणारा शब्द शोधा. तो लांब निघाला तर लांब वापरा, लहान निघाला तर लहान. परंतु तो खरा असूं द्या.