दिसले ते सांगावे

शाळेच्या स्मरणिकेसाठी पालकांच्या वतीने चार शब्द लिहावेत, असा निरोप आला, तेव्हा आम्ही उभयता बराच वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो. भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली. लिहिण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता. शाळेविषयी गौरवाचे शब्द इतर मान्यवर लिहितीलच. आम्ही येथे एकाच प्रसंगाची हकिकत सांगणार आहोत. त्यात आमची चूक आहे, आमच्या थोरल्या लेकीचे धैर्य आहे, आणि त्या धैर्याचे मूळ या शाळेच्या सभागृहात आहे, असे आम्हांस वाटते.

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यातले. बाहेरच्या माणसाला अंबरनाथ म्हटले की शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते. आम्हांला आठवतो तो कारखान्याचा भोंगा. काड्यापेट्या, दारूगोळा, रसायने यांवर या गावाच्या दोन-तीन पिढ्या जगल्या. आमच्यापैकी एकाने रासायनिक कारखान्यात बावीस वर्षे पाळीने काम केले. दुसरी एका लहान कारखान्यात पॅकिंगला जाई. दोघांच्या पाळ्या एकत्र आल्या म्हणजे मुलींना शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून जावे लागे. म्हणूनच थोरलीला पाचवीत या निवासी शाळेत घातले. पोटच्या पोरीला दूर ठेवल्याबद्दल आप्तांनी बोल लावले. आम्ही ऐकून घेतले.

शाळेत एक प्रथा होती. ती आजही असेल. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे प्रवारणेच्या दिवशी, संध्याकाळी सर्व मुले सभागृहात बसत. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विनंती करतात की, माझ्याकडून झालेला दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावा. ही विनंती प्रथम सर्वांत ज्येष्ठ भिक्खू करतो, मग क्रमाने कनिष्ठ. शाळेत तीच रीत लहान स्वरूपात चाले. आधी गुरुजी उभे राहत, मग दहावीची मुले, शेवटी पाचवीची. एके वर्षी आमच्या लेकीने उभे राहून सांगितले की, भोजनगृहातल्या ताई वाढताना ओळखीच्या मुलींना पोळी जास्त देतात. आम्हांला हे कळले तेव्हा आम्ही घाबरलो. आता हिला उपाशी ठेवतील, असे वाटले. तसे काही झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या मोजून वाढल्या जाऊ लागल्या, एवढेच.

पुढे पदवी घेऊन ती एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून लागली. वस्तीत बातमी फिरली ती ‘हवाईसुंदरी झाली’ अशी. हा शब्द आम्हांला तेव्हाही आवडला नाही. सुंदरी म्हटले की काम दिसेनासे होते. प्रशिक्षणात तिने आग विझवली, धुराने भरलेल्या खोलीतून वाट काढली, पाण्यात तराफा चालवला, दारावरची घसरगुंडी उघडून उडी मारली. निम्मे दरवाजे बंद आहेत असे धरून संपूर्ण विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, ही विमानाला परवाना देताना लावली जाणारी कसोटी आहे. पन्नास आसनांमागे किमान एक क्रू सदस्य असावा, हा नियमही त्यासाठीच आहे. चहा-नाश्ता हे त्यानंतरचे काम. नीरजा भानोत यांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले त्यांचे विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतले. त्यांनी प्रथम वैमानिकांना सावध केले, पुढे प्रवाशांना बाहेर काढताना प्राण दिले. तेवीस वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. त्या मुलीला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तरीही आपल्या बोलण्यातली ‘सुंदरी’ गेली नाही.

कामाचे स्वरूप आम्हांला हळूहळू कळत गेले. कंपनीची गाडी विमानतळापासून ठरावीक अंतरापर्यंतच येई. बुवापाडा त्या वर्तुळाच्या बाहेर. रात्री अडीचला शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली सुटायची असते. म्हणून तिने मरोळला चार मुलींसोबत एक खोली घेतली. सुट्टीला घरी आली आणि अपरात्री बोलावणे आले, तर भाड्याची गाडी करावी लागे. अरुंद गल्लीत गाडी शिरत नसे, म्हणून आम्ही दोघे तिला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला जात असू. कोणाची खिडकी किलकिली होई, ते आम्हांला दिसे. वेतनाचा मोठा भाग प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांवर अवलंबून होता. प्रवासी चढवण्यात आणि विमान तयार करण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नसे. कान दडपलेला असताना उडाल्यास पडद्याला इजा होते, हे ठाऊक असूनही महिन्याचे तास भरावेत म्हणून मुली सर्दी लपवीत. गणवेश घालून ‘स्टँडबाय’ बसलेली आमची लेक पाहून आम्हांला कारखान्याच्या फाटकावर उभे राहणारे बदली कामगार आठवत.

तरीही तिच्या आधीच्या बायकांनी काय सोसले, हे तिनेच आम्हांला सांगितले. एअर इंडियात एके काळी हवाईसुंदरीला पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जाई, आणि पहिल्या गर्भारपणातही जाई. त्याच विमानात तेच काम करणारे पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहत. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी महिला न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट घटनाबाह्य ठरवून रद्द केली. लग्नाची अट मात्र कायम ठेवली. अठ्ठावन्न वर्षांचा हक्क मान्य करणारा सरकारी निर्देश निघायला १९८९ उजाडले. विमानातील पर्यवेक्षकाचे पद तर त्यानंतरही पुरुषांकडेच राहिले. बाई कितीही ज्येष्ठ असली तरी तिच्यावर देखरेख पुरुषाची. ती प्रथा कंपनीने २००५ मध्ये मोडली, तेव्हा काही पुरुष सहकाऱ्यांनीच तिला आव्हान दिले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती-रजेचा पक्ष मांडला होता. आकाशात काम करणाऱ्या बाईला आई होऊनही नोकरी टिकवण्याचा हक्क मिळायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आता त्या प्रसंगाकडे येतो.

एका रात्रीच्या फेरीत विमान उतरू लागले होते. लेक मागच्या गॅलीत एकटी होती. तिला जळकट वास आला. धूर दिसत नव्हता. तिने त्या फेरीच्या प्रमुख असलेल्या ज्येष्ठ ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ओव्हनमध्ये काहीतरी सांडले असेल, उतरल्यावर पाहू. दहा हजार फुटांखाली वैमानिकांना किरकोळ गोष्टींसाठी त्रास द्यायचा नसतो, हा नियम खरा आहे. पण सुरक्षेची बाब त्याला अपवाद आहे, हेही तितकेच खरे. वास वाढत गेला. लेकीने स्वतः इंटरकॉम उचलला आणि वैमानिकांना कळवले. त्यांनी त्या गॅलीचा वीजपुरवठा तोडला. विमान सुखरूप उतरले. पाणी तापवण्याच्या यंत्राची तार जळाली होती.

वैमानिकांनी आभार मानले. ज्येष्ठ ताईंना मात्र आपला अवमान झाला असे वाटले. वरिष्ठांना डावलले, म्हणून त्यांनी तक्रार केली. लेकीला लेखी खुलासा मागितला गेला. क्रूमध्ये दर फेरीला माणसे बदलतात, तरी गोष्ट पुढे पोहोचतेच. काही फेऱ्यांत तिच्याशी कोणी कामापलीकडे बोलेना. जेवणाची वेळ झाली तरी तिला कोणी मोकळे करीना. परक्या शहरातल्या हॉटेलात बाकीच्या मिळून बाहेर जात, ही खोलीत बसून राही.

ती घरी आली आणि तिने सर्व सांगितले. येथे आमची चूक झाली. आम्ही दोघांनी एका तोंडाने सांगितले, “माफी माग, बाळा. मोठ्या आहेत त्या. नोकरी टिकली पाहिजे.”

ती काही वेळ गप्प राहिली. मग वडिलांना म्हणाली, “बाबा, तुम्हांला त्या रात्री वास आला होता ना?”

ती गोष्ट आमच्या घरात कधी बोलली जात नसे. पुष्कळ वर्षांपूर्वी कारखान्यात रात्रपाळीला वायूच्या गळतीचा वास आला होता. पर्यवेक्षक म्हणाला, रोजचेच आहे. वास आलेला माणूस पुन्हा बोलला नाही. पहाटे शेजारच्या विभागातला एक सहकारी बेशुद्ध पडला. तो वाचला, पण त्याचा दम पुन्हा कधी सरळ चालला नाही. आम्ही त्याच्या घरी भाकरी घेऊन जात राहिलो. वास आला होता, हे मात्र त्याला कधी सांगितले नाही.

लेकीने मग प्रशिक्षणात शिकलेल्या दोन घटना सांगितल्या. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक विमान कोसळले. डाव्या इंजिनातल्या ज्वाळा प्रवाशांनी आणि काही क्रू सदस्यांनी पाहिल्या होत्या. कप्तानाने मात्र उजव्या इंजिनात बिघाड असल्याचे जाहीर केले आणि तेच बंद केले. ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कोणीही ते वैमानिकांपर्यंत पोहोचवले नाही. सत्तेचाळीस माणसे गेली. २२ मे २०१० रोजी मंगळुरूत सहवैमानिकाने पुन्हा पुन्हा सांगितले की विमान परत वर घ्या. कप्तानाने ऐकले नाही. एकशे अठ्ठावन्न जीव गेले. अशा अनेक अपघातांनंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी एक शिक्षण सक्तीचे केले. कनिष्ठाने दिसले ते सांगावे आणि ज्येष्ठाने ते ऐकून घ्यावे, हेच ते शिक्षण. “तो वर्ग आम्हांला दोन दिवस शिकवला,” ती म्हणाली, “पण मला तो नवा वाटला नाही. मी पाचवीतच शिकले होते.”

तिने माफी मागितली नाही. खुलाशात घडले तेवढेच लिहिले. ज्येष्ठ ताईंविषयी एकही कडू शब्द घातला नाही. उलट, उतरताना त्यांच्यावर कामाचा किती भार असतो, हेही नमूद केले. सात आठवड्यांनी प्रकरण बंद झाल्याचे दोन ओळींचे पत्र आले. ते सात आठवडे आम्हां दोघांना नीट झोप लागली नाही. घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता तिच्याच पगारातून जात होता.

त्या ताईंशी तिची पुन्हा गाठ पडली ती पाच-सहा महिन्यांनी. त्या जुन्या गोष्टीविषयी काही बोलल्या नाहीत. उड्डाणापूर्वीच्या बैठकीत मात्र त्यांनी सर्वांना बजावले, “मागे काही वाटले, तर मला सांगा. मी नाही ऐकले, तर पुढे सांगा.” लेक म्हणते, हे म्हणायला त्यांना तिच्यापेक्षा जास्त धैर्य लागले असेल. विमानात प्रमुखाने बोलणे म्हणजे प्रवारणेत ज्येष्ठाने प्रथम उभे राहणे. ज्येष्ठ उभा राहिला नाही, तर कनिष्ठाने किती काळ एकट्याने बोलत राहायचे?

सध्या लेक जमिनीवरच्या कामावर आहे. तिला दिवस गेले आहेत. नियमाप्रमाणे या काळात उडता येत नाही, त्यामुळे उड्डाणाचा भत्ता बंद आहे आणि घरखर्चाला ओढ बसते. पण नोकरी शाबूत आहे, आणि सव्वीस आठवड्यांची रजा तिच्या हक्काची आहे. ज्या बायकांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना हे माहीत नसेल की बुवापाड्यातल्या एका घरात त्यांची आठवण निघते.

गेल्या आश्विन पौर्णिमेला आम्ही उभयता त्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. त्या रात्री वास आला होता, असे त्याला सांगितले. तो बराच वेळ दाराबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “मलाही आला होता. मीपण नाही बोललो.”

चहा झाला. आम्ही निघालो, तेव्हा तो काठी टेकत मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला.

या शाळेने आमच्या मुलीला पुस्तके दिली, अन्न दिले, निवारा दिला. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोतच. पण आमची विनंती एवढीच की, पौर्णिमेची ती सभा कधी बंद पडू देऊ नये, आणि तिच्यात पालकांनाही बसवावे. शिकायचे आमचेच राहून गेले होते.