डॅशबोर्डची चकाकी



तांब्यापितळेची भांडी कशी घासावीत यावर मी पुष्कळ लिहिलं. आज गाडीबद्दल लिहिते, कारण एक चूक कबूल करायची आहे.

आमची गाडी तेरा वर्षांची. दारात शेड नाही, त्यामुळे ती कायम उन्हात. काळा डॅशबोर्ड राखाडी झाला होता, दारांच्या आतल्या पट्ट्या पांढुरक्या पडल्या होत्या. बी.कॉम.ला घसारा शिकले होते, तो असा रोज दिसायचा. मागच्या उन्हाळ्यात मोबाईलवर कुणाचं तरी पाहून मी सगळ्यावर खोबरेल तेल फिरवलं. काय झळकला डॅशबोर्ड! ह्यांना हाक मारून दाखवला.

दुसऱ्या दिवशी कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला गेलो. सूर्यास्ताआधी घरी जेवायचं म्हणून चारलाच कोल्हापूरकडे परत निघालो. ऊन समोरून येत होतं. एका वळणावर वैरणीचा भारा घेतलेली बाई ह्यांना दिसलीच नाही. मी ओरडले, ह्यांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. बाईनं आम्हाला चार शब्द सुनावले, ते बरोबरच होते.

घरी आल्यावर ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. "डोळा गेला माझा. आता गाडी नको." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. मलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चष्म्याचं घर शोधायला मी ह्यांच्या सीटवर बसले आणि समोरच्या काचेकडे बघतच राहिले. तेलकट डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर पडलं होतं, त्यातून रस्ता धुरकट दिसत होता. दोष डोळ्यांचा नव्हता, माझ्या तेलाचा होता.

खरं सांगते, तो सगळा दिवस मी गप्प बसले. सांगितलं असतं तर त्या बाईच्या जिवाशी झालेला खेळ माझ्या खात्यावर आला असता. हे मात्र अंगणात येरझारा घालत होते, गाडीकडे न बघता.

सकाळी मी तेल पुसायला घेतलं. धूळ चिकटली होतीच, शिवाय बारीक चिलटं अडकून मेली होती. तेवढ्या चकाकीसाठी!

आता मी असं करते. आधी कोरड्या मऊ ब्रशनं एसीच्या फटींतली धूळ काढते. मग कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे दोन थेंब घालून, फडकं घट्ट पिळून पुसते. पाणी थेट बटणांवर मारत नाही. साध्या ओल्या फडक्यानं साबण काढून मायक्रोफायबरनं कोरडं करते. तेल लागलेलं असेल तर हे दोनतीनदा करावं लागतं. शेवटी पाण्यात बनवलेलं, चमक न देणारं आणि उन्हापासून जपणारं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन पातळ लावते, उरलेलं पुसून टाकते. स्टिअरिंग आणि पेडलला काही लावायचं नाही, घसरतं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, काही पॉलिशमध्ये मधमाश्यांचं मेण असतं. उन्हानं विटलेलं प्लास्टिक पुन्हा नवं होत नाही. गाडी सावलीत लावा, नाहीतर काचेला पडदा लावा.

पुसून झाल्यावर ह्यांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. हे बराच वेळ काचेतून समोर बघत राहिले.

"म्हणजे डोळा शाबूत आहे?"

तरी डॉक्टरांना दाखवून घेतलं. दोन्ही डोळे ठीक निघाले. परवा आम्ही पुन्हा बाहुबलीला जाऊन आलो. डॅशबोर्ड राखाडीच आहे. त्या वळणावर ह्यांनी गाडी अगदी हळू केली. मी काही बोलले नाही, मनातल्या मनात त्या बाईची क्षमा मागितली.