लाल दिवा

अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी कराडला होतं आणि रविवारी सकाळी आमच्या जुन्या मारुती ८०० चा तेलाचा लाल दिवा इंजिन सुरू झालं तरी विझेना. चिपळूणहून कराड म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट.

धाकटा म्हणाला, "भाईजान, स्विचची वायर काढू." काढली. दिवा गेला! आम्ही खूश. ओट्यावर तसबीह ओढत बसलेले अब्बा म्हणाले, "दिया बुझा, बीमारी नहीं."

खरंच होतं. वायर काढली की दिवा जाणारच. इंजिन बंद करून डिपस्टिक पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये होतं. पण पंप ते वर पोचवतो का, हे डिपस्टिक सांगत नाही. स्विचच्या बुडाशी तेल पाझरलेलं दिसलं, तेव्हा दोष त्याचाच असावा. असावा! पंपच थकला असेल, तर नव्या स्विचने काय होणार? बेअरिंगं घासून इंजिन घाटातच जाम.

मोहल्ल्यातल्या गॅरेजातून प्रेशरचं मीटर मागून आणलं. गार इंजिनाचा स्विच सोडवून त्या भोकात ते बसवलं. काटा वर गेला. इंजिन तापेपर्यंत आम्ही तिथेच उभे. काटा फार उतरला नाही.

मग नवा स्विच आधी हातानेच फिरवला, आटे नीट धरल्यावर पान्याने बेताने आवळला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू, दिवा विझला. अब्बांनी तीनदा करायला लावलं.

मंगळवारी फजरनंतर निघालो. घाटभर अम्मी दुरूद पढत होती, आणि वळणागणिक आमची नजर डॅशबोर्डाकडे.