नवी कोरी, जराशी घासलेली

बुकिंग झालं, लोन पास झालं, पेढ्यांची ऑर्डरही गेली. आणि डिलिव्हरीच्या चार दिवस आधी कळलं, की आपल्या नव्या गाडीला आपल्याआधीच कोणीतरी ठोकलंय. आता? घ्यायची की सोडायची?

नवीन गाडीचं एक बरं असतं. तिच्याबद्दल कोणाला काही विचारावं लागत नाही. सेकंडहॅण्ड घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक नेतो, सर्व्हिस रेकॉर्ड मागतो, विकणाऱ्याच्या तोंडाकडे संशयाने बघतो. नवीन घेताना मात्र आपण फक्त रंग निवडतो. सनरूफ हवं की नको यावर दोन रविवार भांडतो. बाकी काय बघायचं? नवीनच तर आहे!

ॲक्चुअली, बघण्यासारखं बरंच असतं. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर चढते, शेकडो किलोमीटर येते, उतरते, गावाबाहेरच्या यार्डात उन्हापावसात उभी राहते, मग शोरूमला जाते. दर वेळी ती कोणीतरी चालवतं आणि तो चालवणारा तिचा मालक नसतो. आजूबाजूला हातभर अंतरावर तशाच नव्या गाड्या. यात एखादीला लागणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. कोण कोणाला काय सांगतं?

दिवसा या, मॅडम

२०२३च्या दसऱ्याला आमची गाडी येणार होती. दसरा २४ ऑक्टोबरला, मंगळवारी. दोघांच्या पगारातून घेतलेली आणि माझ्या माहेरच्या माणसांतली पहिली चारचाकी. बाबांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्रे सरळ करण्यात गेलं, पण स्वतःची गाडी म्हणाल तर एक स्कूटर. त्यामुळे आईने कराडहून निघायच्या आधीच अख्ख्या आळीला बातमी दिली होती.

गुरुवारी सेल्स एक्झिक्युटिव्हचा फोन आला. तेवीस-चोवीसचा पोरगा, कायम टायमध्ये, कायम घामाघूम.

"मॅडम, पीडीआयला येताय ना?"

पीडीआय म्हणजे प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन. गाडी आपल्या नावावर व्हायच्या आधी आपण ती बघून घ्यायची. मी म्हटलं, शनिवारी ऑफिस सुटल्यावर येते.

तो जरा थांबला. "संध्याकाळी नको, मॅडम. दिवसा या. आणि ड्रायव्हर साइड सावकाश बघा." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी शुक्रवारी हाफ डे टाकला. गाड्यांचं जाम वेड असलेल्या एका मित्राकडून पेंटची जाडी मोजायचं मीटर घेतलं आणि यार्ड गाठला. समोरून गाडी एकदम सही दिसत होती. पण उजव्या बाजूने तिरकं बघितलं, तर पत्र्यात पडलेलं शेडचं प्रतिबिंब दारापर्यंत सरळ येत होतं आणि मागच्या चाकाच्या वर येऊन थरथरत होतं. तिथल्या रबराच्या कडेला रंगाचा बारीक भुगा बसलेला. मीटर लावलं. सगळीकडे १०५ ते १२० मायक्रॉन. त्या एका जागी २६०.

मॅनेजर आले. "अहो, ट्रेलरवरून उतरवताना जरासं लागलं होतं. व्यवस्थित करून घेतलंय. ओळखूसुद्धा येत नाही."

"मीटरला आलं की," मी म्हटलं.

क्लेम टाकू या ना!

मग ऑफर्स सुरू झाल्या. पहिली ऐकायला सगळ्यात गोड होती. "तुमचं समाधान नसेल तर पुन्हा रंगवून देतो. इन्शुरन्समध्ये करू. तुमची झीरो डेप आहे, एक रुपया लागणार नाही."

इथे नवऱ्याचे कान टवकारले. रजिस्ट्रेशनसाठी इन्शुरन्स आधी काढावा लागतो, त्यामुळे पॉलिसी आमच्या नावावर तयार होती. म्हणजे गाडी लागली यांच्या ताब्यात असताना आणि क्लेम मात्र आमचा! पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं की मिळणारा २० टक्के नो क्लेम बोनस गेला आणि वर आमच्या नावावर अपघाताची नोंद. शिवाय, आपल्या ताब्यात न आलेली गाडी कधी, कुठे ठोकली म्हणून फॉर्मवर काय लिहायचं? कोणी हे सुचवलं तर सरळ नाही म्हणा, बॉस.

दुसरी ऑफर खरी होती. आहे तशी गाडी घ्या, तीस हजार कमी करतो, वर सीट कव्हर आणि एक्स्टेंडेड वॉरंटी. किंवा दुसरी गाडी घ्या. त्याला सहा आठवडे. म्हणजे दसरा गेला, पाडवाही गेला.

त्याचं म्हणणं, माझं म्हणणं

नवरा म्हणाला, घेऊन टाकू. त्याचं लॉजिक चुकीचं नव्हतं. "अगं, पुण्यात गाडी चालवायचीये. आठ दिवसांत कोणीतरी घासणारच आहे. हे लोक घासायचे तीस हजार देतायत!"

मी म्हटलं, "अरे, पण पहिला ओरखडा आपला असू दे ना."

हे जरा फिल्मी होतं, मला कळत होतं. म्हणून बाबांना फोन केला. बाबांनी एकच विचारलं, "दरवाजा की मागचा पत्रा?"

फरक त्यांनी समजावला. दरवाजा, बॉनेट, पुढचे फेंडर नटबोल्टवर असतात. खराब झाले तर अख्खा भाग बदलता येतो. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो. तो बदलायचा तर कापावा लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ठोकून सरळ करतात, वर लांबी भरतात आणि रंग मारतात. कारखान्यात नुसती बॉडी दीडशे डिग्रीच्या आसपास भाजून रंग पक्का करतात. तयार गाडीत सीट, वायरिंग, प्लॅस्टिक असतं, त्यामुळे वर्कशॉपच्या बूथमध्ये साठ-सत्तर डिग्रीवर भागवावं लागतं. काम वाईटच होतं असं नाही, पण ते तेच काम नसतं. "दरवाजा असता तर घे म्हटलं असतं," बाबा म्हणाले. "आणि दसऱ्याचं मनात आणू नकोस. दसरा दर वर्षी येतो."

आईने मागून फोन ओढला. "अगं, पण मी सगळ्यांना सांगितलंय!"

तीन टक्क्यांचा फंडा

रात्री झोप नाही. एक वाजता मोबाइलवर शोधता शोधता अमेरिकेतली एक केस सापडली. अलाबामातल्या डॉ. आयरा गोर यांनी १९९०मध्ये चाळीस हजार डॉलरला नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी आणखी चकाचक करायला एकाकडे नेली, तेव्हा त्याने सांगितलं, ही पुन्हा रंगवलेली आहे. कंपनीचं धोरण असं होतं, की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर कोणाला न सांगता गाडी नवी म्हणून विकायची. यांच्या गाडीचा खर्च होता सहाशे डॉलर, म्हणजे दीड टक्का. ज्यूरीने मात्र गाडीचं नुकसान चार हजार डॉलर धरलं आणि वर दंड ठोठावला चाळीस लाख डॉलरचा! अलाबामाच्या सुप्रीम कोर्टाने तो निम्मा केला. १९९६मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तोही अवाच्या सवा ठरवला आणि शेवटी १९९७मध्ये तो पन्नास हजारांवर आला.

दंडाचे आकडे सोडा. मला अडकवलं त्या तीन टक्क्यांनी. कोणीतरी एका ऑफिसात बसून ठरवलं होतं, की गिऱ्हाइकाला इथपर्यंत कळायची गरज नाही. आमच्या बाबतीतही तेच झालेलं. तीस हजारांची ऑफर पीडीआयनंतर आली. मी शनिवारी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बघून सही केली असती, तर ऑफरही नव्हती आणि 'जरासं'ही नव्हतं.

आणखी एक गोष्ट. पाच वर्षांनी गाडी विकायला काढली की समोरचा असंच मीटर घेऊन येणार. 'डिलिव्हरीच्या आधीच लागलेली होती हो,' हे आम्ही सांगणार आणि तो त्याच नजरेने आमच्याकडे बघणार. किंवा त्याच्याकडे मीटर नसेल. मग सांगायचं की नाही, हे आम्हाला ठरवावं लागेल. तीस हजारांत आम्ही तो प्रश्नही विकत घेत होतो.

नवरा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मेल तू लिही. तुझं इंग्लिश बरं आहे."

लेखी, आणि नंबर पडायच्या आधी

मेल लिहिताना दोन गोष्टी पाळल्या. एक, त्या पोराचा उल्लेख नाही. आम्ही पीडीआयला गेलो, आम्हाला दिसलं, हे फोटो, हे रीडिंग. दोन, गाडी नाकारतोय हे स्पष्ट. 'नाराज आहोत' वगैरे नाही.

हे सगळं गाडीवर नंबर पडायच्या आधी करायचं असतं. १९३०चा वस्तू विक्री कायदा सांगतो, की माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो तुम्ही स्वीकारला असं धरत नाहीत. पण काही न बोलता ठेवून घेतला, तर स्वीकारला असं धरलं जाऊ शकतं. एकदा तुमच्या नावावर रजिस्ट्रेशन झालं, की ती गाडी डीलरला पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. मग तो परत कशाला घेईल? तेव्हा आधी चासी नंबर ताडून बघा, दिवसाउजेडी गाडी बघा, मगच उरलेले पैसे आणि लोनचा चेक सोडा. घ्यायचीच ठरली, तर काय लागलं, काय दुरुस्त केलं आणि किती सूट दिली हे लेटरहेडवर मागा. पुढे तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो. डीलर दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मेलच्या शेवटी एक ओळ मी जास्तीची घातली. ही गाडी दुसऱ्या कोणाला द्याल, तर त्यांना आधी सांगा. उत्तर आलं, 'युअर फीडबॅक इज नोटेड.'

आमची गाडी ६ डिसेंबरला आली. कार्तिकातला एक साधा बुधवार. ना तोरण, ना मुहूर्त. आईने कराडहून फोनवर नारळ कसा फोडायचा ते सांगितलं. किल्ली द्यायला तोच पोरगा होता. "बघून घ्या, मॅडम," म्हणाला. मी बघितली. दोघंही दुसरं काही बोललो नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिला ओरखडा एकोणिसाव्या दिवशी पडला. नवऱ्याचा अंदाज आठ दिवसांचा होता.

आणि ती दुसरी? ती कुठेतरी गेलीच असणार. कदाचित घेणाऱ्याला सगळं सांगितलं असेल, तीस हजार कमी झाले म्हणून तो खूश असेल. असं असेल तर माझी काही तक्रार नाही. चालणारी, चांगली गाडी होती ती. पण कदाचित तो संध्याकाळी गेला असेल. सिग्नलला त्याच राखाडी रंगाची, तेच मॉडेल पुढे उभं असलं, की माझी नजर आपोआप उजव्या मागच्या चाकाच्या वर जाते. नवरा म्हणतो, "सोड ना आता." तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात.